वावरात फुटलेली उशी

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना आमच्या मावसबहिणीच्या नाकातून चहा आला आणि माझी नवी चादर गेली.

आमचं गाव आर्णीजवळ. घरात दोघी सुना, मी मोठी आणि प्रणाली धाकटी. फोनवरून साड्या विकायचं मी सुरू केलं, माझं पाहून तिनं केलं, आणि दुकान चाललं कोणाचं? तिचं.

कारण एकच, फोटो. मी साडी दारावर टाकून फोटो काढायची. मागे सिलिंडर दिसायचा, कधी आमच्या ह्यांचे पाय. प्रणाली स्वतः साडी नेसून पायरीवर बसायची आणि कोणी हाक मारल्यासारखी मान वळवून पाहायची. झालं, बायका तुटून पडायच्या.

जळत होते मी, लपवायचं काय त्यात? तिचा फोन वाजला की माझी पोळी करपायची. तिचं कापड कसं आहे ते पाहावं म्हणून मी माहेरच्या मावशीच्या नावानं तिच्याकडूनच एक जांभळी साडी मागवली. कापड चांगलं निघालं. त्याचा तर अजूनच राग आला.

मग एक दिवस तिनं कॉलेजसमोरच्या बोगनवेलीखाली फोटो काढले आणि ऑर्डरींचा पाऊस पडला. मी म्हटलं, थांब. तुझ्याजवळ बोगनवेल आहे तर माझ्याजवळ वावर आहे. पांढऱ्याशुभ्र कापसात लाल साडी! कोण पाहील मग तुझ्या वेलीकडे?

पण ते साल बोंडअळीचं. वावरात गेले तर झाडं हिरवीगार उभी आणि बोंडं आतून किडलेली. फुटली होती तीही अर्धवट, कापूस कसला, पिवळी चिकटलेली कवडी. त्यात लाल साडी नेसून उभं राहावं म्हणजे मयतीत नवरी.

सासूबाई तेव्हा लेकीकडे पांढरकवड्याला गेल्या होत्या. त्यांची उशी मात्र घरीच होती. गुबगुबीत, मोठी. आता तुम्हाला कळलं असेल.

उशी उसवली, सुईदोरा घेतला आणि बांधालगतची, फोटोत मावतील तेवढी झाडं फुलवून टाकली. फवारणीच्या पंपाला फोन बांधला, टायमर लावला आणि पळत जाऊन कापसात उभी राहिले. मान वळवली. अगदी तिच्यासारखी. फोटो असा आला की माझा मलाच हेवा वाटला.

खाली लिहिलं, 'आमच्या स्वतःच्या वावरात, आजच काढलेला फोटो.' आणि टाकला गावातल्या सगळ्या ग्रुपवर.

फोन थांबेचना. मी प्रणालीला ऐकू जाईल अशा बेतानं उचलत होते.

पहिला म्हणे, "वयनी, बियाणं कोणतं व्हय?"

दुसरा म्हणे, "फवारा कायचा मारला? मले पाठवा ना नाव."

साडीचं कोणी विचारेना. एका बाईचा फोन आला तेव्हा मला हायसं वाटलं, तर ती म्हणते, "थांबा, मालकाले देतो, त्याइले कापसाचं इचारायचं हाये."

दुसऱ्या दिवशी नुकसानीच्या पंचनाम्याला कृषी सहायक आले. आमच्या ह्यांनी सातबारा पुढे केला. त्यांनी फोन पुढे केला.

"भाऊ, तुमचं वावर तं पांढरंफटक हाये. पंचनामा कायचा करू?"

ह्यांनी फोटो पाहिला. मग मला पाहिलं. मी पदराचं टोक पाहिलं.

"चला वावरात," हे म्हणाले. निघालो आम्ही तिघं, पण बांधावर पोचेपर्यंत मागे अर्धा गाव. प्रणालीही होती. तेवढ्यात पांढरकवड्याहून परतलेल्या सासूबाईही, घरी कोणी दिसेना म्हणून थेट वावरात आल्या.

सहायक चक्रावले. "पुरं वावर सडलं अन् बांधावरच फुटलं? हे काहून?"

"बांधावरची जात येगळी असन," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"मंग हे वावर चांगल्यात धरू काय?"

बोलले तर प्रणालीसमोर शोभा, आणि नाही बोलले तर पंचनाम्यातून वावर जातं. काय सांगू, त्या क्षणीही मला वावरापेक्षा प्रणालीचंच जास्त वाटत होतं.

सासूबाई पुढे झाल्या. बोंडावरचा कापूस ओढला, तर मागून काळा दोरा आला. सरकी शोधली, ती नाही. मग त्यांनी कापूस नाकाला लावला.

"मोठे," त्या म्हणाल्या, "ह्या कापसाले माह्या डोक्याच्या तेलाचा वास कसा येऊन राह्यला?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी खालीच बसले आणि भोकाड पसरलं. बसताना धरलेल्या झाडाचं एक किडकं बोंड तेवढं हातात राहिलं.

सहायक म्हणाले, "वयनी, हालू नका. हा खरा फोटो हाये." आणि पंचनाम्यासाठी काढूनही घेतला. वावर वाचलं. म्हणजे बुडालेल्यात नोंदलं गेलं, त्या साली तेच वाचणं होतं.

तो फोटो कोणी कुठे पाठवला देव जाणे, पण महागावपासून यवतमाळपर्यंत फिरला. दोन दिवसांनी प्रणालीचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. बायका एकच विचारत होत्या, 'ते बाई रडून राह्यली ना, तिची साडी कुठं भेटते?'

हो. घाईघाईत मी कोणती साडी नेसून वावरात गेले होते? मावशीच्या नावानं मागवलेली. जांभळी.

संध्याकाळी प्रणाली माझ्या दारात. म्हटलं, आता मावशीचं काढते ही. तिनं काढलं नाही. नुसती साडीकडे पाहून हसली.

"ताई, जांभळ्या साऱ्या खपल्या. आता हिरवा माल आला हाये," ती म्हणाली. "अजून एकदा रडून देता काय?"

मी तिला काय काय सुनावायचं ठरवलं होतं. आणि तोंडातून काय निघालं सांगू?

"देतो. पण या टाइमाले फोटो तू काढजो. त्या सहायकानं माहं नाक लय मोठं आणलं."