‘मुद्दाम’ हा शब्द

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी नाशिकला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. आमच्या घरातली पहिली बी.ए. आई सिन्नरला विड्या वळायची. माझी डिग्री तिनं काच लावून बुद्धाच्या फोटोशेजारी टांगली होती. त्यामुळे माझ्या मराठीला कुणी हात लावलेला मला खपत नसे.

हेडक्लार्क रोज लावायचे. मसुदा दिला की लाल पेन्सिलीनं अर्धा खोडून परत. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ ही माझी आवडती सुरुवात. ती एकदाही जिवंत परत आली नाही. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे काका बसत. त्यांचे कागद मात्र न खोडता थेट टायपिंगला. मला संशय आला. संशय कसला, खात्रीच झाली. हा माणूस माझी वाक्यं नाही, माझं आडनाव खोडतोय. आणि वर्षअखेर मला कायम करायचं की नाही, हा शेरा त्यांच्याच हातात. खोडलेले कागद मी पिशवीत जमवू लागले. पुरावा असावा म्हणून.

शेऱ्याला पंधरा दिवस उरले तेव्हा मोठ्या साहेबांना तक्रार लिहायला बसले. चार पानं झाली. वाचताना माझी मलाच जांभई आली. मग खोडायला लागले. ही सवय कुणाची लागली ते सांगायला नको. शेवटी दोन ओळी राहिल्या: ‘हेडक्लार्क माझे मसुदे मुद्दाम खोडतात. कारण सांगत नाहीत.’

आईला वाचून दाखवलं. “एवढंच? पंधरा वर्सं शिकली आन दोन वळी? सायबाला वाटंल, पोरीला लिव्हता येत नाय.”

अर्ज वर जाणार तो हेडक्लार्कच्याच टेबलावरून. तसा नियमच होता. त्यांनी वाचला. पेन्सिल उचलली.

“बाई, ‘मुद्दाम’ कशावरून?”

“काकांचे कागद तुम्ही खोडत नाही.”

“काका पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. त्यांना आता काय शिकवू?”

“मग मला तरी कुठं शिकवलंत? नुसतं खोडलंत.”

त्यांनी पेन्सिलीचं टोक खालच्या ओळीवर टेकवलं. “ते दुसऱ्या ओळीत आलंय. ती बरोबर आहे. पहिलीतला शब्द तुम्हाला माहीत नाही, नुसता वाटतोय. वाटतं ते लिहू नका.”

त्यांनी ‘मुद्दाम’ खोडला, सही केली आणि अर्ज वर पाठवला.

मी कायम झाले. पुढं खोडलेल्या ओळीशेजारी समासात बारीक अक्षरात कारण येऊ लागलं: ‘दोनदा आलंय.’ ‘कोणी केलं?’

आडनावाचं त्यांच्या मनात होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. मी निवृत्त होताना माझ्या फाइलीत तो अर्ज पुन्हा पाहिला. लाल रेघ पुसट झालीय. खालचा शब्द स्वच्छ वाचता येतो.