दिवसाला चार आंघोळी

व्हीलचेअरवर काका कुडकुडत होते. ताप एकशेतीन. ओटीपोट बेंबीपर्यंत टम्म. वीस दिवसांपूर्वी त्यांना नळी घालायला मीच शिकवलं होतं.

मी संभाजीनगरला युरॉलॉजी ओपीडीत सिस्टर आहे. शुगर जुनी झाली की काहींच्या लघवीच्या पिशवीतला जोर जातो. लघवी आत साठते, किडनीवर दाब येतो. मग दिवसातून चार वेळा बारीक नळी स्वतःच्या हातानं घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी काढून टाकायची. नुसतं ऐकूनच माणूस घाबरतो. काका कन्नडकडचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. नळी बघून त्यांना दरदरून घाम फुटला होता. तिसऱ्या दिवशी जमलं, तेव्हा केवढ्यानं ओरडले, "आली की ओ सिस्टर!"

आता डॉक्टरांनी कॅथेटर टाकला. बाराशे एमएल लघवी निघाली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रिपोर्ट, दुप्पट झालेला.

"सिस्टर, काय शिकवलंत यांना?" सर म्हणाले. "दोन दिवसांत उतरलं नाही तर डायलिसिस."

मी सोबत आलेल्या काकूंना बाजूला घेतलं. "नळी किती वेळा घालत होते?"

"सकाळच्याला एकदाच."

"अहो, चार वेळा सांगितलं होतं ना!"

"व्हय, आठ दिस केलं बी. पण दर टायमाला डोक्यावरून आंघोळ. मारुतीची दिवाबत्ती यांच्याकडंच हाय ना. लई थंडी पडली, खोकला धरला. मग म्हणले, आंघोळ एकदा, तर नळी बी एकदाच."

"आंघोळ करा म्हणून कुणी सांगितलं?"

"तुमीच की. स्वच्छता नाय पाळली तर जिवावर बेतंल म्हणलात."

म्हणाले होते. चांगलं डोळे वटारून म्हणाले होते. हात साबणानं धुवा, हेही सांगितलं होतं. पण तेवढं पुरे, हे काही माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

ते दोन दिवस लॅबचा फोन वाजला की मीच धावत जाऊन घ्यायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन उतरलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

डिस्चार्जच्या आधी पुन्हा शिकवलं. हात धुवा, जागा पुसा, जेली लावा, नळी घाला. बस्स.

"आन् तसंच मारुतीला शिवायचं?" काकांनी हळूच विचारलं.

काकूच कडाडल्या, "दिवा लावाया माणूस तर जित्ता पायजे का नाय?"

काका उठून हात धुवायला गेले.

तेव्हापासून काय करायचं ते सांगून मी थांबत नाही. घरी कसं कराल, ते पेशंटकडूनच वदवून घेते. त्यांना घाबरवायचं सोडलंय. घाबरते मीच. दर सोमवारी फोन लावते.

"काका, नळी किती वेळा?"

"चार."

"आणि आंघोळ?"

"एकच की ओ बाई, एकच!"