नाईटवाल्याच्या घरी बाई ठेवायची तर

बाई ठेवायची की नाही, यावर आमच्यात जेवढं बोलणं झालं तेवढं लग्न ठरतानाही झालं नव्हतं. तेही तुकड्यातुकड्यानं, कारण नवरा वाळूजच्या कंपनीत शिफ्टला. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, मग नाईट. मी सोमवारी मुद्दा काढावा आणि त्याचं उत्तर रविवारी मिळावं, असा आमचा संसार.

बाई म्हणजे धुण्याभांड्याची नव्हे, घरात राहून मुलांना सांभाळणारी. मोठा चार वर्षांचा होता, धाकटी नुकती चालायला लागलेली. दोन्हीकडची माणसं गावाकडं. गुरं-ढोरं सोडून येणं कुणालाच जमत नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात मी लग्नाआधीपासून कामाला होते. मालकांचा निरोप आला होता, महिनाअखेरपर्यंत या, नाहीतर दुसरी मुलगी घेतो. मला त्या कामाची अक्षरशः भूक लागली होती. तिथं यंत्रांच्या खडखडाटात एकमेकींशी ओरडून बोलावं लागायचं, संध्याकाळी घसा बसायचा. इथं बजाजनगरात घसा वापरायची वेळच येत नव्हती.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "दोन खोल्या आपल्या. नाईटच्या आठवड्यात मी दिवसभर लुंगी-बनियनवर पडलेला असतो. परकी बाई घरात फिरणार अन् मी झोपू कसा?"

मी म्हणाले, मध्ये पडदा लावू.

"पडद्यानं घोरणं थांबतं का?"

यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. इतकं एकटं वाटायचं तेव्हा, की त्याच्या विनोदाचाही राग यायचा. खरं सांगायचं तर बाई जितकी मुलांसाठी हवी होती, तितकीच मलाही हवी होती. कामावरून आल्यावर आज काय काय झालं हे ज्याला सांगावं, असं एक मोठं माणूस घरात हवं होतं. हे मी त्याला बोलले नाही. बोलले असते तर त्याला वाटलं असतं, मी त्याच्या नोकरीला नावं ठेवतेय.

शेवटी त्याच्याच एका मित्राची मावशी निघाली. गंगापूरकडची, विधवा, मुली सासरी गेलेल्या. शुक्रवारी दुपारी येते, घर बघते आणि मग काय ते सांगते, असा तिचा निरोप आला. म्हणजे पसंती तिची होती, आमची नव्हे. मला ते आवडलं.

आमच्या गल्लीत एक रीत होती. ज्या घरात नाईटवाला झोपलेला असेल, त्या घराच्या कडीला बाहेरून टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की भाजीवाला हाळी न देता पुढं जायचा, शेजारीण आल्या पावली परत फिरायची. आत आम्ही तिघं मुक्यानं वावरायचो.

त्या शुक्रवारी नवरा फर्स्टला होता. आदल्या रात्री धाकटी तापानं किरकिरत होती. आम्हाला कुणी उठवू नये म्हणून निघताना त्यानं टॉवेल बांधला. बाई येणार हे त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. पोरीला वारा लागू नये म्हणून मीही सकाळपासून दार उघडलं नाही. घर आवरलं, केस विंचरले, चहाचं आधण ठेवायच्या बेतात दाराकडं कान लावून बसले. कडी काही वाजली नाही. मनात म्हटलं, आपल्याकडं यायला कुणाला आवडणार आहे?

नवरा परत आला तो टॉवेल हातात घेऊनच. त्याच्यामागून शेजारच्या काकू आल्या.

"अगं, एक बाई आली व्हती की तुमच्याकडं. म्या हळूच म्हणलं, नाईटवाला झोपलाय, कडी नका वाजवू. लई वेळ बसली पायरीवर. मग गेली बिचारी."

मी नवऱ्यावर तोंड सोडलं. मुद्दाम केलंस, तुला नकोच होती ती, असं नाही नाही ते बोलले. तो टॉवेलाची घडी घालत उभा राहिला. त्याचा चेहरा बघून कळलं की मुद्दाम नव्हतं, आणि मग तर भांडायचीही सोय राहिली नाही.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला.

"ताई, घर चांगलं हाय तुमचं. पर मला नाय जमायचं."

"का हो मावशी?"

"म्या दाराशीच बसले व्हते. आत भांड्याचा आवाज येत व्हता. लेकरं व्हती, तुम्ही व्हता, पर बोलणं म्हणून नाय. पोरगं काही बोलाया गेलं की तुम्ही शू करायच्या. म्या गावात एकटीच असते, पर दिवसभर कुणी ना कुणी हाक मारतंय. तुमच्याकडं माझा जीव गुदमरंल."

मला एकदम हायसं वाटलं. एवढंच ना! मी घाईघाईनं सांगितलं, "अहो, घोटाळा झाला. तो टॉवेल चुकून राहिला होता. हे कामावर गेले होते. घरात त्या दिवशी झोपलेलं कुणी नव्हतंच."

पलीकडून तिनं विचारलं,

"मंग तुम्ही सगळी गप का व्हता?"

मी "हॅलो, हॅलो" करत राहिले, आवाज येत नसल्यासारखं, आणि फोन बंद केला.