भाऊजींच्या गाडीचे डोळे

"सून गुणाची हाय, पन बोलत न्हाई. नुसती बघती."

आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या आणि मी भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होते. खोटं काय होतं त्यात? देवळाली प्रवराच्या या घरात बघण्यासारखंच इतकं घडायचं, की बोलायला सवड कुणाला! एकट्या धाकट्या दिरांच्या गाडीचेच किस्से ओंजळीत मावत नव्हते.

भाऊजी पॉलिटेक्निकला. त्यांनी पाटाएवढी, सेलवर चालणारी गाडी केली होती. पुढे फोटोसेलचे दोन डोळे. पांढरी रेघ दिसली की तिच्यावरून चालायचं, फुली दिसली की थांबायचं, एवढंच तिला कळे. रविवारी त्यांचे सर बघायला येणार होते. पसंत पडली तर प्रदर्शनात. नाहीतर काय, ते मामंजींनी आधीच सांगितलं होतं, "न्हाई चालली तर कालेज बंद. उसाला पानी धरायचं."

*

पहिल्याच दिवशी गाडी चुन्याची रेघ सोडून गोठ्याकडे वळली. आत्याबाईंच्या बादलीतून दूध सांडत गेलं होतं. त्या मागावरून ती थेट म्हशीपाशी. म्हशीनं नेमकी लाथ घातली.

"डोळं चांगलं हायत," भाऊजी गाडी उचलत म्हणाले.

"व्हय, म्हशीचं बी," आमचे हे म्हणाले.

*

मामंजी ओट्यावर पेपर वाचत होते. धोतराचा सोगा खाली लोळत होता. गाडी सोग्यावर चढली आणि आत शिरली.

मामंजी दोन्ही पाय वर घेऊन म्हणाले, "आरं, सांग हिला, ह्यो रस्ता न्हाई!"

*

मग माझी रांगोळी. तुळशीपुढच्या कमळात गाडी शिरली ती बाहेरच येईना. सेल संपेपर्यंत प्रदक्षिणा घालत राहिली. शेजारीण हात जोडून गेली.

"वहिनी, रविवारपत्तुर रांगोळी बंद," भाऊजी म्हणाले. मी मान हलवली.

*

रविवारी ओट्यापासून तुळशीपर्यंत चुन्याची रेघ ओढून भाऊजी सरांना आणायला स्टँडवर गेले. इकडे पाहुणे येणार म्हणून आत्याबाईंनी अख्खं अंगण सारवून टाकलं. रेघेसकट.

सर दारात. भाऊजींचा चेहरा चुन्यासारखा. मामंजींची नजर कोपऱ्यातल्या फावड्यावर.

मी रांगोळीचा डबा उचलला, पदर खोचला आणि ओल्या शेणावर वाकून रेघ ओढत गेले. तुळशीपाशी आत्याबाई उभ्या होत्या. त्यांच्या पायांपुढे फुली टाकली.

गाडी निघाली. वळली, सरळ झाली, फुलीवर येऊन थांबली.

"घेऊन ये प्रदर्शनात," सर भाऊजींना म्हणाले. मामंजींनी फावड्यावरून नजर हटवली.

आत्याबाई मात्र जागच्या हलेनात. "आगं बया, ही आशी काय बघतीया माज्याकडं?"



"ती बोलत न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "नुसती बघती."