पेनड्राइव्हमधलं नाटक

चार वर्षं मी माझी चूक बायकोच्या माथी मारून बसलो आहे. आमच्या घरातला संगणक तिच्यामुळे बिघडला नव्हता.

एका दशावतारी नाटकाचं चित्रीकरण पेनड्राइव्हवर गावात घरोघर फिरत होतं. मी तो लावला, तेव्हा अँटिव्हायरसने लाल चौकटीत इशारा दिला आणि नाटक सुरूच होईना. मला धीर नव्हता. मी अँटिव्हायरस बंद केला आणि नाटक शेवटपर्यंत पाहिलं. दोन दिवसांनी एकही फाइल उघडेना. त्यात बायकोच्या माहेरची, धामापूरची लग्नातली गाणी होती. सासूबाई फोनवर सांगायच्या आणि बायको एका बोटाने टाइप करायची. सासूबाई तोवर वारल्या होत्या.

"तूच कायतरी दाबलंस," मी तिला म्हणालो.

मालवणात संगणक दुरुस्त करणाऱ्याने मला विचारलं, "काका, अँटिव्हायरस कोणी बंद केल्यान? व्हायरस पेनड्राइव्हमधून इलो." गाणी परत मिळणार नव्हती. घरी येऊन मी तेवढंच सांगितलं. त्यानंतर बायकोने संगणकाला हात लावला तो फक्त धूळ पुसायला.

हे टाइप करताना मी तीनदा उठून पडवीत फेऱ्या मारल्या. शेवटी तिला वाचायला बोलावलं. तिने सावकाश वाचलं.

"चार वर्सां मी माज्याच बोटाक दोष दिलंय," ती म्हणाली. "आता त्यातली किती गाणी माका आठवतली?"

मी उठून संगणकासमोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.