जर्मनची बोट

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकही वस्तू ती ज्या कामासाठी जन्माला आली त्या कामासाठी वापरलेली नाही. त्यांच्या घरी इस्त्रीचे कपडे फ्रिजमध्ये असतात. फ्रिज बंद पडून जमाना झाला, पण दार घट्ट लागतं, झुरळ आत जात नाही, मग कपाट म्हणजे आणखी वेगळं काय असतं, असा त्यांचा सवाल. कपडे धुण्याच्या मशीनमधला डबा काढून त्यांनी त्यात शेंगा भाजायची सोय केली आणि उरलेल्या मोटरवर पुरण वाटायचं यंत्र बसवलं. होळीला ते यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा पुरण पाटीत कमी आणि भिंतीवर जास्त होतं, पण साडूंनी भिंतीवरच्या पुरणाकडे बोट दाखवून "बघ, किती बारीक वाटलंय" एवढंच म्हटलं. दारावर घंटीच्या जागी ट्रॅक्टरचा हॉर्न आहे. सकाळी दूधवाला तो वाजवतो, तेव्हा मागच्या गल्लीतल्या म्हशी दचकून उभ्या राहतात.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या रस्त्याला त्यांचं दुकान आहे आणि गेली चाळीस वर्षं ते शेतातली डिझेल इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करत आले आहेत. चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून आतला आजार ओळखायचा, ही त्यांची पद्धत. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण ते कलिंगडालाही स्क्रूड्रायव्हर लावून बघतात, भिंतीलाही लावतात, आणि एकदा जेवण झाल्यावर मी पलंगावर पडलो होतो तर त्यांनी तो माझ्या छातीला लावला. बराच वेळ ऐकून म्हणाले, "साडभाऊ, टॅपेट वाजून राहिलेत. चहा कमी कर." मी घाबरून लातूरला घरी परतताच डॉक्टर गाठला. त्यानेही सगळ्या तपासण्या करून चहा कमी करायलाच सांगितलं. इंजिनाशी दाजी अदबीने बोलतात, "जरा दम धरा, आता तेल देतो" असं म्हणतात. माणसं मात्र सगळी अरे-तुरेतली, त्यात तहसीलदारही आले.

अशा माणसाने बोट करायला घ्यावी यात तसं नवल नव्हतं. पण यामागे कारण होतं, आणि ते कारण म्हणजे अक्का, दाजींची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. अक्कांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी धक्के पूर्ण बंद केले. आता आमची सासुरवाडी आहे गोदावरीच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून. दाजींच्या गच्चीवरून तिथल्या देवळाचा कळस दिसतो. पण जायचं तर नांदेडच्या पुलावरून वळसा घालून, आणि पुढचा रस्ता असा की धडधाकट माणसालाही उतरल्यावर आपले सगळे अवयव जागेवर आहेत का ते चाचपून बघावं लागतं. त्यामुळे लागोपाठ चार नागपंचम्या अक्का माहेरी गेल्या नव्हत्या. आमच्याकडे दिवाळी चुकली तरी चालते, पण पंचमीला लेक माहेरी जाऊन झोका खेळणार म्हणजे खेळणार. चौथ्या पंचमीला अक्का दिवसभर गच्चीवर उन्हात बसून त्या कळसाकडे बघत होत्या. संध्याकाळी खाली आल्या, पानं वाढली. दाजींनी त्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "पुढल्या पंचमीला तुला पाण्यावरून नेतो. पाण्याला खड्डे नसतात."

पंधरा दिवसांत त्यांनी भंगारातून एक बोट आणली. कुठल्या तरी पुरात कामाला आलेली आणि नंतर बाभळीखाली वर्षानुवर्षं पालथी पडलेली. अॅल्युमिनियमची. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. त्यामुळे गावभर झालं की दाजींनी जर्मनची बोट आणली. अक्कांनी दारातूनच तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या पातेल्यात बसून मी माहेरी जाणार न्हाई. लोक म्हनतील, लेक आली का वरण आलं."

दाजींनी बोट चार दगडांवर उचलून ठेवली आणि आतून काठोकाठ पाणी भरलं. मी म्हटलं, "दाजी, बोटीच्या बाहेर पाणी असतं." मी लातुरात शाळेत भूगोल शिकवतो, नद्या मला नकाशावर माहीत आहेत. दाजी म्हणाले, "तुमच्या लातुरात नळाला पानी येईना, तुला बोटीतलं काय कळतंय? खाली घुस आन बघ कुठं गळून राहिलंय." मी बोटीखाली उताणा पडलो. आयुष्यात इतक्या ठिकाणांहून माझ्यावर एकदम पाणी कधी पडलं नव्हतं. जिथे थेंब दिसेल तिथे खूण करायची होती, ओल्यावर खडू उमटेना, म्हणून दाजींनी घरातून अक्कांचा कुंकवाचा करंडा आणला. संध्याकाळपर्यंत बोट पोटाखालून एखाद्या देवीसारखी दिसायला लागली आणि मीही. अक्कांनी करंड्याचा तळ बघितला, आमच्याकडे बघितलं आणि त्या दिवशी आम्हा दोघांना दुकानातच डबा पाठवला.

वर्षभर मी महिन्यातून दोन रविवार तिकडे जात होतो. बायकोला सांगायचो, दाजींना मदत करायला. खरं म्हणजे त्या दुकानात मला जितकं हसू आलं तितकं शाळेत दहा वर्षांत आलं नसेल. सैल झालेला एकेक रिव्हेट दाजींनी काढून नवा ठोकला, भेगा जोडून आणल्या. बोटीला मागे लटकवायचं पेट्रोलचं यंत्र घ्या, असं कोणी तरी सुचवलं, तर त्यांनी त्या माणसाला चहा न देता घालवला. डिझेलवर वाढलेला हात पेट्रोलला लावणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एका मोडलेल्या मालवाहू तीनचाकीचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट काढून त्यांनी बोटीच्या बरोबर मध्यभागी बसवलं. तिथून मागच्या पंख्यापर्यंत दांडा नेला तो जुन्या पंपाचा. दांडा जिथून बाहेर पडतो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून पंपात घालतात तीच चरबीत भिजवलेली दोरी ठासून भरली. इंजिनाची थरथर बोटीला लागू नये म्हणून खाली ट्रॅक्टरच्या टायरचे तुकडे घातले. आणि पितळेचा पंखा त्यांनी स्वतः लाकडात कोरून ओतवून आणला. तीन पात्यांचा, सोन्यासारखा झळकणारा. तो पंखा त्यांनी आठवडाभर देवघरात ठेवला होता, येईल त्याला दाखवायचे आणि हात लावू द्यायचे नाहीत.

पंचमीला चार दिवस राहिले असताना बोट ट्रॉलीवर चढवून फुगवट्याच्या काठावर नेली. त्या साली पाणी लवकर भरलं होतं आणि धरणाचे दरवाजे उघडायची वेळ अजून आली नव्हती. सगळं तळं शांत होतं. अर्धं गाव काठावर जमलेलं. अक्काही आल्या होत्या, पण खुर्ची लांब टाकून, ओळख नसल्यासारख्या बसल्या होत्या. नारळ फुटला. बोट पाण्यात ढकलली. ती तरंगली! दाजींनी काठाकडे वळून नेत्यासारखा हात केला, हँडल मारलं, इंजिनाने काळा धूर सोडला आणि दाजींनी पहिला गिअर टाकला. बोट संथपणे, मोठ्या ऐटीत, मागे आली. लोक म्हणाले, जरा मागे घेऊन राहिलेत. दाजींनी दुसरा गिअर टाकला. बोट दुप्पट जोमाने मागे आली आणि काठावरच्या चपलांच्या ढिगावर चढली. लोक पळाले. नारळाचा प्रसाद वाटणारा पाण्यात बसला. पुन्हा ढकलून, लांब नेऊन दाजींनी तिसरा टाकला, तेव्हा तर गावातली कुत्रीसुद्धा उठून बाजूला झाली. शेवटी वैतागून त्यांनी रिव्हर्स टाकला, आणि बोट नाकासमोर, सरळ, पुढे निघाली.

तिला काठाला लावून दाजी किती तरी वेळ त्या पंख्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "साडभाऊ, चाळीस साल पंप केले. पंपाचं काम पानी आपल्याकडं ओढायचं. हाताला तीच सवय हाय. पात्याला पीळ दिला तो ओढायचा दिला. बोटीला पानी ढकलायचं ऱ्हातंय, हे डोक्यातच न्हाई आलं." मी आजवर त्यांना इतकं पडलेलं पाहिलं नव्हतं. पंखा पुन्हा ओतायचा तर आठ दिवस, आणि पंचमी चार दिवसांवर. पुढे जायला चार गिअरच्या जागी एकटा रिव्हर्स, तोही गोगलगाईच्या चालीचा, वर हूं हूं करून रडणारा. लोक हसत हसत घरी गेले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण मला ती गच्ची आणि तो कळस दिसत होता.

तेवढ्यात अक्का खुर्चीतून उठल्या. कमरेचा पट्टा सावरत, हळूहळू चालत काठाशी आल्या आणि म्हणाल्या, "पुढं जाती का न्हाई?"

"जाती. पन रिव्हर्समधी," दाजी म्हणाले.

"मला कुठं शर्यत लावायचीय? धक्के बसतात का, ते सांगा."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं. अक्कांनी पिशवीतला पेला काढला, काठोकाठ पाण्याने भरला आणि बोटीच्या पुढच्या फळीवर स्वतः ठेवला. "फिरवून आना. सांडलं तर मी येत न्हाई," एवढं सांगून त्या परत खुर्चीवर जाऊन बसल्या. मी पुढे बसून पेल्याकडे बघत होतो आणि दाजी मागे सुकाणू धरून माझ्या चेहऱ्याकडे. इंजिन जोरात पळवलं असतं तर पेलाच काय, मीही सांडलो असतो. पण रिव्हर्समध्ये जोर करायची सोयच नव्हती. इंजिन मंद चालत होतं, टायरचे तुकडे थरथर गिळत होते, आणि बोट तेलातून गेल्यासारखी गेली. मोठा फेरा मारून परत आलो तेव्हा पेल्याच्या काठावर पाणी तसंच फुगून उभं होतं. अक्कांनी ते पाणी पिऊन टाकलं. पदराला तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "माझ्या भावाला फोन लाव. म्हनावं, मुराळी म्हनून ये."

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा. नवऱ्याने बायकोला माहेरी सोडलं तर ते पोचवणं झालं, नेणं नव्हे, यावर अक्का ठाम होत्या. म्हणून पंचमीच्या आदल्या दिवशी आमचा मेहुणा पलीकडच्या काठावरून मोटारसायकलवर निघाला, खड्ड्यांतून दीड तास वळसा घालून अलीकडच्या काठावर आला, गाडी दाजींच्या अंगणात लावली, कंबर धरून चहा प्यायला आणि जिथून निघाला होता तिथेच परत जायला बोटीत बसला. अक्का हिरवी इरकल नेसल्या होत्या, त्यावर दाजींनी पाण्यात तरंगायचं केशरी जाकीट करकचून बांधलं होतं. पुढच्या फळीवर गादी, पाठीला उशी. अख्खं पाणी ओलांडायला पाऊण तास लागला. इंजिन हूं हूं रडत होतं आणि अक्का मात्र एकेक ठिकाण दाखवत होत्या, ते चिंचेचं झाड, तो धुण्याचा दगड होता तिथे आता पाणी आहे, त्या तिथे शेजारणीची बकरी वाहून गेली होती. पलीकडे बाया जमल्या होत्या. माझी बायको लातूरहून रस्त्याने आधीच पोचली होती, तीही त्यात होती. भावाच्या हाताला धरून अक्का उतरल्या आणि बायांनी त्यांना मधे घेतलं.

मेहुण्याने चहाला चला म्हणून लई आग्रह केला. दाजी उतरलेच नाहीत. पंचमी लेकींची, त्यात जावयांनी पाटावर बसून लुडबुड करू नये, असं म्हणाले. आम्ही परत फिरलो. पुढची गादी रिकामी होती. अर्ध्या पाण्यात पोचल्यावर दाजींनी इंजिनच बंद केलं. मला वाटलं, बिघडलं.

"काय झालं, दाजी?"

"काय न्हाई. चार दिवस ऱ्हाते म्हनली ना ती?"

"हाव."

"चार म्हंजी लई न्हाईत," ते म्हणाले. मग पाण्याकडे बघतच, "लगीन झाल्यापासून ऑपरेशनपतोर दर साली जायची. तवा मला घर मोकळं मोकळं लागायचं. ही चार सालं ती घरीच होती. बरं वाटायचं रे मला. खोटं कशाला बोलू." मग म्हणाले, "मी इंजिनाकडं बघून राहिलो होतो, मला दिसलं न्हाई. वर चढताना तिनं मागं वळून बघितलं का?"

मी बघत होतो. अक्का धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडल्या होत्या, कोणी तरी काही तरी बोललं त्यावर खळखळून हसल्या होत्या, आणि तशाच हसत, दोन बायांचे हात धरून, चढ चढून झाडाआड गेल्या होत्या. एकदा मनात आलं, हो म्हणावं. पण मला ते जमलं नाही.

"न्हाई बघितलं," मी म्हणालो.

दाजींचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर कळेचना. "मंग खरंच माहेरी पोचली म्हनायची," ते म्हणाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, मग त्याच रुमालाने इंजिन पुसलं. ते सुरू करायची घाई दोघांनाही नव्हती. बराच वेळ आम्ही तसेच पाण्यावर बसून राहिलो.