स्वस्त काडतुसांची पारख

बाळांनो, आजी कधीकाळी रायफल चालवायची, याचं तुम्हाला हसू येतं. त्यात हसण्यासारखं फार थोडं होतं, म्हणून नीट सांगते.

निजामाचं राज्य भारतात विलीन झाल्यावर आदिलाबादेत काही अधिकाऱ्यांनी आणि वकिलांनी नेमबाजीचा क्लब काढला. मावला गावाच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी मैदान होतं. तुमचे आजोबा सभासद होते, त्यांच्याबरोबर मीही जायचे. मला रायफल वडिलांनी शिकवली होती आणि माझा नेम तिथल्या बहुतेक पुरुषांपेक्षा बरा होता. जिल्ह्याचा संघ हैदराबादच्या स्पर्धेला जायचा. मला त्या संघात जायचं होतं. त्या वर्षी दुसरं काहीच नको होतं.

विलायती काडतुसं क्लबाला परवडत नव्हती, म्हणून स्वस्तातली एक मोठी खेप मागवली. एक गोळी मधोमध लागायची, तर दुसरी निशाणाच्या कागदाच्या कडेला. चिटणीस तहसील कचेरीतले वयस्कर गृहस्थ होते. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं काम टापटिपीचं. एवढी खेप पारखून द्या, संघात तुमची जागा पक्की."

मी कामाला लागले. माणसाचा हात हलतो, म्हणून रायफल सरकी भरलेल्या पोत्यावर टेकवायची. वारा सुटायच्या आत, सकाळीच, एका डब्यातल्या पाच गोळ्या एकाच कागदावर झाडायच्या आणि सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. भोकं वरखाली पसरली, तर त्या डब्यात दारू कमीजास्त भरलेली, असं मी धरत असे. डबा बदलला की पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत, नळी नव्या गोळीला रुळू द्यायची. घरी मी डबे ओळीने मांडून त्यांवर खुणा करत बसायचे. बेला गावाकडच्या माझ्या सासूबाई म्हणत, "काऊन वं, गोळ्या निवडून राह्यली का तांदूळ? तांदूळ निवडले असते त शिजले तरी असते!"

रविवारमागून रविवार यातच गेले. बाकीचे उभ्याने, पडून नेम मारत होते, त्यांचे गुण मांडले जात होते. मी पोत्याशी होते. शेवटी त्या खेपेतून चांगले डबे वेगळे निघाले. विलायती मालाच्या जवळ जातील असे.

तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना झाली. नांदेड, परभणी मुंबई राज्यात गेले, आमचा जिल्हा आंध्रात गेला. चिटणिसांच्या वाट्याला नांदेडची बाजू आली आणि ते गेले. नवे चिटणीस आले. त्यांनी रविवारच्या गुणांवरून संघ निवडला. क्लबाच्या फळ्यावर माझं नाव नव्हतं.

मी माझे कागद घेऊन गेले. गोळ्यांची भोकं एकमेकांत शिरली होती, असे कागद. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले, "मॅडम, रायफल पोत्यावर होती. पोत्याचा नेम उत्तम आहे. तुमचा आम्ही कुठे पाहिला?"

सगळे हसले. नियम खरा होता, टेकवून मिळवलेले गुण धरत नाहीत. मी म्हणाले, "मला शब्द दिला होता." ते म्हणाले, "ज्यांनी दिला ते आता दुसऱ्या राज्यात आहेत."

तुमचे आजोबा संघात होते. शब्द दिला तेव्हा ते माझ्या शेजारी उभे होते. ते बोलले नाहीत. घरी येताना म्हणाले, "जाऊ दे ना, खेळच तो."

संघ मी निवडलेले डबे घेऊन गेला आणि ढाल घेऊन आला. नवे चिटणीस पेढे घेऊन घरी आले. "मॅडम, तुमच्या गोळ्या जिंकल्या."

"मग गोळ्यांनाच चारा," मी म्हणाले. आजोबांनी घाईघाईने पेढ्यांचा पुडा आत नेला.

पुढच्या वर्षी नवी खेप आजोबांनीच घरी आणली. "तेवढी पारखून दे. तुझ्यासारखं कोणाला जमत नाही."

"आधी फळ्यावर माझं नाव लिहायला सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. डबे आठवडाभर ओसरीत पडून राहिले, मग आजोबा ते तसेच परत घेऊन गेले. हैदराबादला त्या वर्षी संघाचे हाल झाले. आजोबा परत आले, जेवायला बसले, मान वर करेनात. मला त्यांची कीव आली नाही. मी भाकरी वाढली, वर तूप घातलं आणि स्पर्धेचं काही विचारलं नाही.